लसणाने चिखल्या जात नाहीत, कातडी भाजते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर फिरतंय : ‘ठेचलेला लसूण रात्रभर पायाच्या बेचक्यांत बांधा, सकाळी चिखल्या गायब.’ कृपया करू नका. कच्चा लसूण कातडी खरोखर भाजतो. आमच्या काकूंच्या करंगळीशी पाण्याने टम्म भरलेला फोड आला.

चिखल्या म्हणजे बहुतेकदा बुरशी. शेवटच्या दोन बोटांमधली पांढरी, भिजल्यासारखी, सोलवटलेली कातडी आणि खाज. बडोद्याच्या पावसाळ्यात ओले बूट घालून फिरलं की ही बुरशी हमखास वाढते. बेचकी कोरडी पुसा, मोजे रोज बदला. क्लोट्रिमॅझोलचं (बुरशीनाशक) मलम 2 ते 4 आठवडे लावा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर नकोतच, त्यांनी खाज दबते आणि बुरशी पसरते. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.