चोर आला तर बंदूक काढाच, मालक

मालक, जुळे सोलापुरात बंगला बांधलात, गेटवर 'कुत्र्यापासून सावध' लिहिलंत, कुत्रं तेवढं पाळलं नाही. आता परवान्याची बंदूक घेऊनच टाका. पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, आपल्या जिवावर कोण उठलंय ते पटवून द्यायचं, बस्स. २०१९च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरीचा हट्ट नको, लग्नात मिरवायला एक पुरते.

मग चोराची वाट बघा. त्याला वेळ मात्र कळवून ठेवा. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जायची मुभा भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ देतं, पण मोजक्याच प्रसंगी: जबरी चोरी, राहत्या घराला आग, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी वगैरे. भरदुपारी आलाच, तर "दिवेलागणीनंतर ये की" म्हणून परत पाठवा. आणि मे महिन्यात दार सताड उघडं टाकून झोपायची आपली सवय मोडा. उघड्या दारातून आलेला कायद्याच्या लेखी घरात शिरतो, घर फोडत नाही. तो नुसती शेंगाचटणीची बरणी उचलत असेल, तर गोळी झाडायला जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी लागते. चटणी जाण्याची भीती चालत नाही.

चोर अंगणातून पळत सुटला आणि तुमच्या गोळीनं तिथंच पडला, तर? कट्ट्यावरच्या वकिलांकडे (सनद नसलेल्या) उत्तर तयार असतं: "आत ओढायचा, हातात कोयता द्यायचा. विषय संपला." ऐकाच त्यांचं. पांढऱ्या फरशीवरून साठ-सत्तर किलोचा माणूस ओढला की पायरीपासून सोफ्यापर्यंत रक्ताचा कसा सरळ पट्टा उठतो! पंचनाम्याला आलेल्यांना टेप धरायला सोपं जातं. गोळी पाठीतून शिरली की छातीतून, ते शवविच्छेदनात कळतंच. कोयत्यावर ठसे तुमचे. मग खुनाच्या कलम १०३ला एकट्याला करमू नये म्हणून पुरावा दडवल्याचं २३८ही शेजारी येऊन बसतं.

हवेत बार काढून नुसती भीती घालणार? निष्काळजी गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आला, तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

कोर्टात स्वसंरक्षण दाखवून द्यायची जबाबदारी तुमची. साक्ष अधिनियम, कलम १०८. तशी दयामाया आहे: शंभर टक्के पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी भागतं. ते झुकेपर्यंत तारखांना जायचं, डबा घेऊन. हद्द ओलांडलीत पण मनात खोट नव्हती, असं ठरलं तर खून नव्हे, सदोष मनुष्यवध. ही आनंदाची बातमी वहिनींना तुम्हीच सांगा.

झाली तयारी? आता रात्रीचे अडीच. कंपाउंडलगत लोखंडी झाकण खडखडतंय, अंधारात कुणीतरी वाकलंय, हातात लांब काहीतरी आहे. नेम धरा. फक्त त्याआधी बोटं मोजा, मागचं पाणी कधी आलं होतं? चार-पाच दिवस झाले असतील, तर ते शेजारचे काका आहेत, हातात व्हॉल्व्हची चावी. मोटार लावा पटकन, तुमचा हौद कोरडाच आहे अजून.