डीपीच्या गाभ्यातला पत्रा आणि खारी हवा

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा, की डीपीचा, म्हणजे खांबावरच्या वीज रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा), गाभा, ज्याभोवती तारेची वेटोळी असतात, साध्या लोखंडी पत्र्याचा असल्याने खाऱ्या हवेत गंजतो आणि म्हणून डीपी जळतात. पत्रा जाड घातला तर ही कटकट मिटेल. शिवाय जळालेल्या डीपीतला पत्रा, वरचा राखाडी थर घासून आणि ठोकून सरळ करून, पुन्हा वापरता येतो.

खाऱ्या हवेचा मुद्दा अर्धाच खरा आहे. खारे वारे टाकीचा रंग आणि पत्रा खातात, बुशिंगवर, म्हणजे तारा टाकीत नेणाऱ्या निरोधक नळ्यांवर, मिठाचा थर साचून ठिणग्या पडतात. गाभा मात्र तेलात बुडालेला असतो. टाकी गंजून ओल आत शिरली, तरी आधी बिघडते ते तेल आणि वेटोळ्यांवरचे कागदी निरोधन.

हा पत्रा साधाही नव्हे. त्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे त्याचा विद्युतरोध वाढतो. नॉर्मन गॉस यांना १९३४ मध्ये अमेरिकेत ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तिच्यातून पुढे विकसित झालेल्या प्रक्रियेत पत्रा थंड अवस्थेत लाटून साधारण ०.२३ ते ०.३५ मिलिमीटर केला जातो, दमट हायड्रोजनयुक्त वायूत तापवून त्यातला कार्बन काढला जातो, आणि मग मॅग्नेशियाचा (मॅग्नेशियम ऑक्साइडचा) लेप देऊन गुंडाळ्या हायड्रोजनमध्ये सुमारे १२०० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ तापवल्या जातात. त्या उष्णतेत योग्य दिशेचे मोजके स्फटिककण शेजारच्या कणांना गिळून वाढतात आणि लाटण्याच्या दिशेने चुंबकन सोपे होते.

जाड पत्र्याचा सल्ला तर उफराटाच आहे: जाडी दुप्पट केली की पत्र्यात फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे उष्णतेत वाया जाणाऱ्या विजेचा तोटा साधारण चौपट होतो.

सर्वांत घातक सल्ला घासण्या-ठोकण्याचा. तो राखाडी थर म्हणजे गंज किंवा राख नव्हे. मॅग्नेशिया आणि पत्र्याच्या पृष्ठभागावरील सिलिका यांच्या संयोगाने बनलेला तो काचेसारखा निरोधक थर आहे, आणि त्यावरच्या फॉस्फेटच्या लेपासह तो पत्र्याला हितकारक ताणातही ठेवतो. तो घासून काढला की पत्र्याला पत्रा भिडतो आणि पातळ पत्रे रचण्याचा हेतूच बुडतो. हातोड्याने स्फटिकरचनेत ताण शिरतो व तोटा वाढतो; नीट कारखान्यात तर पत्रा कापताना कडेला उरणारी खरबरीत धारदेखील (बर) मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. शिरलेला ताण काढायला ऑक्सिजनविरहित भट्टीत सुमारे ८०० अंशांवर तापवावे लागते, जे गावच्या लोहाराच्या भात्यावर होणारे काम नाही.

गाभा पुन्हा वापरूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. वेटोळे जळाले तरी गाभा बहुधा शाबूत असतो. रचलेल्या गाभ्याच्या वरच्या आडव्या भागातले पत्रे न वाकवता, क्रमाने काढून, नवी वेटोळी बसवून ते तसेच परत रचणे ही रीतसर दुरुस्ती आहे. गाभ्यातला तोटा गावात एकही दिवा लागलेला नसतानाही चोवीस तास चालू राहतो. म्हणून दुरुस्त डीपी खांबावर चढण्यापूर्वी भार न जोडता किती वॅट खाते ते मोजावे आणि मूळ चाचणी अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहावे.