पृथ्वीच्या पोटात लोहचुंबक नाही

खानदेशातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक संदेश यावलच्या माझ्या मामांपर्यंत पोहोचला. पृथ्वीच्या पोटात अजस्र लोहचुंबक आहे, त्याची शक्ती संपत आली आहे, लवकरच ध्रुव उलटून जीवसृष्टी नष्ट होईल, आणि तोवर कमरेला चुंबकपट्टा बांधल्यास रक्तदाबाची गोळी लागणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मामांनी गोळी बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मुळात लोहचुंबकाची कल्पनाच टिकत नाही. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याचे स्थायी चुंबकत्व जाते, आणि गाभ्याचे तापमान चार हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक आहे. सुमारे 2,900 किलोमीटर खोलीखाली तेथे वितळलेले लोखंड खदखदत असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याच्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि हा विद्युतवाहक द्रव आधीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्यात वीजप्रवाह निर्माण होतात, जे नवे क्षेत्र उभे करून जुन्याची झीज भरून काढतात. ती भरली नसती, तर काही दहा हजार वर्षांतच सारे संपले असते; खडकांतील नोंदी मात्र 300 कोटी वर्षांहून जुन्या आहेत.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. फ्रान्समधील कादाराश येथे 2006 साली सुमारे 150 लिटर वितळलेल्या सोडियममध्ये दोन चकत्या समोरासमोर, परस्परविरुद्ध दिशांनी फिरवण्यात आल्या. मिनिटाला साधारण हजार फेऱ्यांचा वेग ओलांडताच त्या खवळलेल्या द्रवात, बाहेरून चुंबक न लावता, क्षेत्र आपोआप उभे राहिले. चकत्यांचे वेग वेगवेगळे ठेवल्यावर त्याची दिशा पुन्हा पुन्हा उलटलीही. चकत्या मृदू, म्हणजे सहज चुंबकित होणाऱ्या, लोखंडाच्या होत्या आणि त्यांच्याविना तेथे हे साधले नाही, एवढे मान्य करावे लागेल. परंतु चकत्या त्याच असूनही कमी वेगात ते क्षेत्र टिकत नव्हते.

क्षेत्र क्षीण होत आहे, हे अर्धसत्य आहे. 1840 च्या सुमारापासून त्याचा मुख्य, द्विध्रुवी भाग साधारण नऊ टक्क्यांनी घटला आहे, पण खवळलेल्या प्रवाहात असे चढउतार होतच असतात. ध्रुव उलटण्यास हजारो वर्षे लागतात. शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी झाली आणि माणसाचे पूर्वज तिच्यातून निभावले.

राहिला पट्टा. त्याच्या भरवशावर कोणीही रक्तदाबाची गोळी थांबवू नये. एमआरआयच्या साध्या यंत्रातही पृथ्वीच्या सुमारे तीस हजार पट तीव्र क्षेत्र असते, आणि त्यातून बाहेर आलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्यामुळे बरा होत नाही.