घोड्याच्या चाऱ्याला काचेचं छप्पर?

गेल्या रविवारी आत्या फोनवर बोलता बोलता म्हणाली, "थायरॉईडची गोळी बंद केली रे मी. फ्लॉवर सोडलाय ना आता." मी दोनदा विचारून खात्री केली, तर तिने पुरावा म्हणून मेसेज पाठवला. तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला होता आणि मी न वाचताच पुसला होता. तेव्हाच वाचायला हवा होता.

मेसेज थोडक्यात असा: 'फ्लॉवर ही निसर्गाची भाजी नाही. 1822 साली इंग्रजांनी लंडनच्या प्रयोगशाळेत कोबी आणि एका विषारी फुलाचा संकर करून तो बनवला, युरियावर वाढवला. स्वतः कधी खाल्ला नाही, घोड्यांना घातला आणि उरलेला भारतात पाठवला. त्याला बी येत नाही, म्हणजे ते मेलेलं अन्न. आजच सोडा, थायरॉईड महिनाभरात जातो.' खाली हात जोडलेले, आणि अकरा जणांना पाठवायची आज्ञा.

आधी प्रयोगशाळा. इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्ड यांच्या 1597 च्या ग्रंथात फ्लॉवर आहे. म्हणजे मेसेजमधल्या 'शोधा'च्या सव्वादोनशे वर्षं आधी. त्याही आधी तो भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत घडवला होता. कोबी, नवलकोल, ब्रोकोली ही त्याची सख्खी भावंडं, सगळ्यांची जात एकच. विषारी फूल कुठून आलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. युरियाचं तर विचारूच नका. प्रयोगशाळेत युरिया पहिल्यांदा तयार झाला 1828 साली, जर्मनीत, व्होलर या रसायनशास्त्रज्ञांच्या हातून, आणि खताची पोती यायला विसावं शतक उजाडलं.

आता ते घोडे. 'इंग्रज स्वतः खात नसत' हे वाक्य वाचून मी खरोखर हसलो, कारण त्या काळी लंडनभोवतीच्या माळ्यांनी ज्या भाज्यांचे सर्वांत जास्त लाड केले, त्यांत फ्लॉवर वरच्या नंबरावर होता. बॅटरसी, फुलहॅम, चेल्सी. आज तिथल्या घरांच्या किमती ऐकून घाम फुटतो, पण तेव्हा तिथे भाजीचे मळे होते. लवकर येणाऱ्या पिकासाठी बी पेरायचं 20 ऑगस्टच्या आगेमागे. आठवडाभर आधी पेरलं तर रोपं थंडीतच अवेळी, बोंडाएवढे गड्डे धरतात, उशीर झाला तर हिवाळ्यात टिकायला अंगात जोर नसतो. रोपं जरा मोठी झाली की ती चांगल्या खतावलेल्या जमिनीत लावायची आणि प्रत्येक तीन-चार रोपांवर शिशाच्या पट्ट्यांत बसवलेलं काचेचं झाकण ठेवायचं. काही ठिकाणी घंटेच्या आकाराची अख्खी काच असे. पुढचे पाच-सहा महिने त्या झाकणांचीच चाकरी. ऊन पडलं की एका बाजूने टेकू देऊन उचलायची, दहिवर पडायची चिन्हं दिसली की बंद करायची, कडाक्याची थंडी आली तर वरून पेंढा घालायचा. वसंतात जास्तीची रोपं काढून दुसरीकडे लावायची. गड्डा दिसू लागला की त्याच्याच कडेची पानं मोडून त्यावर दुमडायची, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. हे सगळं केलं की मे-जूनमध्ये गड्डे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात जायचे.

आणि इंग्लंडात काचेवर 1845 पर्यंत सरकारी कर होता. घोड्याच्या चाऱ्यावर कोण कर भरलेल्या काचेचं छप्पर घालेल? घोड्यांचा यात संबंध होता, नाही असं नाही. लंडनच्या तबेल्यांतली लीद गाड्या भरभरून या मळ्यांत जायची.

मेसेजला 1822 साल इतकं प्रिय आहे, तर त्याच साली लंडनमध्ये निघालेला एक ग्रंथ सांगतो: जॉन क्लॉडियस लाउडन यांचा बागकामाचा विश्वकोश. त्यात फ्लॉवरवर बरंच काही आहे, आणि माझ्या कामाची गोष्ट ही, की फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापर्यंत इंग्लंडचा फ्लॉवर हॉलंडला जात होता आणि बियाण्यासाठी फ्रान्ससुद्धा इंग्लंडवर अवलंबून होता. बियाण्यासाठी! म्हणजे 'बी येत नाही' हा मुद्दाही इथेच आटोपला. गड्डा न कापता झाड शेतात राहू द्या, दांडे वर येतात, मोहरीसारखी चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागतात, मग शेंगा. आपण बी धरायच्या आधीच खातो, एवढंच.

खायचे कसे, तेही बघा. मराया रंडेल यांचं 1806 चं पाककृतींचं पुस्तक घरोघरी वापरलं गेलं. त्यात फ्लॉवर उकडून, पांढऱ्या सॉसमध्ये शिजवून, वर पार्मेझान चीज किसून घालायची आणि तापवून लाल केलेली लोखंडी चकती वर धरून ते खरपूस करायची कृती आहे. देठाशी अळी नाही ना ते नीट बघा आणि तासभर गार पाण्यात ठेवा, ही सूचनाही आहे. आपल्याकडे मीठ-हळदीचं पाणी, त्यांच्याकडे साधं. आणि 'इंडियन पिकल' नावाच्या त्यांच्या लोणच्यातही मोहरी-हळदीबरोबर फ्लॉवर पडे. भारतात तो घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीपासून!

आता नाइलाजाने जे मान्य करायचं ते करतो. फ्लॉवर माणसाने घडवला, हे खरं. 1822 साली त्याचं बी इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आलं, असं आपली उद्यानविद्येची पुस्तकं सांगतात. साल बहुधा तिथूनच उचललंय. आजीच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला फ्लॉवर चालत नसे, तो परका म्हणूनच. आणि इंग्रज मजुराच्या ताटात काचेखालचा हा महागडा गड्डा क्वचितच पडत असणार, त्याचं पोट पाव, बटाटे आणि कोबीवर.

थायरॉईडचंही अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचीच मला जास्त भीती वाटते. कोबीच्या कुळात आयोडीनच्या कामात अडथळा आणणारी द्रव्यं असतात. 1928 साली अमेरिकेत सशांना जवळजवळ नुसत्या कोबीवर ठेवलं, तेव्हा त्यांना गलगंड झाले होते, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजली होती. आत्या आठवड्यातून एकदा बटाटा-फ्लॉवरचा रस्सा करते, तोही शिजवून, आयोडीनयुक्त मीठ घालून. ती ससा नव्हे. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात गलगंड इतका होता की त्याला 'डर्बीशर मान' म्हणत. त्याचं मूळ आयोडीनच्या कमतरतेत होतं. 1820 मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली. भाजी सोडायला सांगून ते थांबले नाहीत. आणि ज्यांची थायरॉईड ग्रंथीच कमी काम करते, त्यांची गोळी शरीरात कमी पडलेलं संप्रेरक भरून काढते. फ्लॉवर सोडून ते कुठून येणार? गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टर रक्त तपासून ठरवतील.

हे सगळं मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. गोळी त्याच सकाळी पुन्हा सुरू केली होती, म्हणाली, डॉक्टरांचा फोनही झाला होता. फ्लॉवरचं विचारलं तर म्हणाली, "तो राहू दे रे. मला मुळात आवडतच नाही, तुझ्या काकांसाठी करायचे. आयतं निमित्त मिळालं होतं."