टीव्हीचा उपास

खरं तर मी भजी सोडणार होतो. घरून तसं ठरवूनच निघालो होतो. राखेच्या बुधवारची, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची, उपासना संपत आली तेव्हा पादरीसाहेबांनी विचारलं, ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत प्रभूसाठी कोण काय सोडणार? एकानं चहातली साखर सोडली. एका ताईंनी सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं सोडलं. इंदूरात राहून सराफा सोडणं म्हणजे जवळजवळ नागरिकत्व सोडणं, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. त्या आदराच्या लाटेवर आपलीही भजी तरून जातील म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून बायको म्हणाली, "पादरी साहब, इनका टीवी."

पादरीसाहेब म्हणाले, "आमीन." आमीन झाल्यावर अपील नसतं.

आमचं चर्च हिंदीत चालतं. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं 1877 साली इंदूरात काम मांडलं. पुढे कधीतरी माझे आजोबा नगरहून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि पोहे-जिलबी खाऊन इथलेच झाले. तेव्हापासून आम्ही प्रार्थना हिंदीत करतो, जेवतो मराठीत आणि भांडतो दोन्हींत. बायको वसईची, कॅथलिक. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे प्रोटेस्टंट. 1970 साली नागपुरात सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन आमचं हे चर्च झालं. सहा जणांचं जमलं. आमच्या घरात दोनच आहेत, त्यांचं अजून रिमोटवर एकमत व्हायचंय.

आता तिनं माझा टीव्हीच का निवडला, तर त्याला आदल्या दिवसाचा पुरावा होता. 4 मार्च 2025, मंगळवार. चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी घरातलं गोडधोड संपवून टाकायची ख्रिस्ती लोकांत जुनी रीत आहे. मी ती रीत टीव्हीला लावली. दुपारी अडीचला बसलो. आपण चार गडी राखून जिंकलो. मग त्यावरची चर्चा पाहिली. मग हायलाइट्स, म्हणजे जे मी डोळ्यांनी सात-आठ तास पाहिलं होतं तेच, थोडक्यात. बायको रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा मी बंद पडलेल्या मिक्सरसारखे दिसणारे चार तज्ज्ञ पाहत होतो.

घरी येताना स्कूटरवर मी शास्त्राचा आधार घेतला. "बायबलात प्रेषित पौल म्हणतो, सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे."

"पुढचं म्हणा."

पुढचं असं आहे की मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही. कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणत. त्यांना माझी बायको भेटली नव्हती. वर तिनं पोप काढले. जॉन पॉल दुसरे यांनी 1994 साली टीव्ही आणि कुटुंब यावर संदेश दिला होता आणि त्यात मुलांना सवय लावायची तर कधीकधी सरळ संच बंद करा असं स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, "त्यात मुलांना म्हटलंय." ती म्हणाली, "मग?"

मीही काही कच्चा नव्हतो. "तुमच्याच पोपनी, बाराव्या पायस यांनी, 1958 साली टीव्हीला एक संत नेमून दिली आहे. असिसीची संत क्लेअर. म्हणजे टीव्हीत काहीतरी पवित्र असणार!"

हे मात्र खरं आहे. क्लेअरबाई तेराव्या शतकातल्या. आजारपणात त्यांना ख्रिसमसच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाता येईना, तेव्हा खोलीतल्या भिंतीवर त्यांना सगळा मिस्सा दिसला आणि ऐकू आला, अशी कथा आहे. थेट प्रक्षेपण, सातशे वर्षं आधी, तेही बिनरिचार्जचं.

बायको म्हणाली, "मग तुम्हालाही भिंतीवर दिसलं तर खुशाल बघा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चादर पडली. पांढरी. त्यामुळे हॉलमध्ये कोणीतरी गेल्यासारखं वाटायला लागलं. इलेक्ट्रिशियन आला तर त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आवाज खाली घेतला. उपास करताना तोंड म्लान करून लोकांना दाखवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, अशी प्रभूची आज्ञा बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. मी तेल लावलं, तोंड धुतलं आणि पोह्यांच्या ठेल्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. पोहेवाला शेव भुरभुरत म्हणाला, "अच्छा करा भिया, अब मोबाइल पे देखना." ही सोय माझ्या ध्यानात आलीच नव्हती. पण घरी पोचेपर्यंत बायकोच्या आली होती. मोबाइलही चादरीखाली गेला, फक्त कॉलपुरता बाहेर.

मात्र रविवार माझा होता. तो हिशेब बायकोनंच एकदा शिकवला होता: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत भरतात शेहेचाळीस दिवस, त्यातले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. म्हणून चाळीस. आणि 9 मार्चची अंतिम फेरी कधी होती? रविवारी. मी चादर अशी काढली की एखाद्या पुतळ्याचं अनावरण असावं. न्यूझीलंडच्या 251 धावा आपण एक षटक राखून पार केल्या आणि जल्लोषाला राजवाड्याकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आई चष्मा पुसत एवढंच म्हणाली, "पाच दिवसांत तू जेवढा देवाचा विचार केलास त्याहून जास्त रविवारचा केलास."

आईला बोलायचा अधिकार आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रोज टीव्ही पाहते आणि तिला काहीही सोडायला कोणी सांगितलं नाही. तिच्या खोलीत छोटा संच आहे. संध्याकाळी सात ते साडेसात एक मालिका. हातात मेथी, नाहीतर मटार. रिकाम्या हातानं टीव्ही पाहायचा नाही हा तिचा नियम. जाहिराती लागल्या की आवाज बंद करून ती आजारी माणसांसाठी प्रार्थना करते. जाहिराती पुष्कळ असल्यानं आमच्या मंडळीतलं कोणी सुटत नाही. आणि साडेसातला टीव्ही बंद. मालिकेत कोणी जिन्यावरून घरंगळत असो की लग्नाच्या मांडवात पहिला नवरा जिवंत येऊन उभा राहो, बंद. मी एकदा विचारलं, "तू काय सोडलंस?" तर म्हणाली, "मला सुटतोच की रोज साडेसातला."

हे बेतानं पाहणं मला कधी जमलं नाही. साफ सोडणं सोपं, त्यात एकदाच भांडण होतं. बेतानं म्हणजे रोज भांडण, तेही स्वतःशी, आणि दोन्ही वकील विकत घेतलेले.

एरवी टीव्हीमुळे बेत आला तो फक्त आमच्या चर्चला, तेही 1987 मध्ये. जानेवारीत दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झालं. आमची उपासना नऊची. तेव्हाचे पादरीसाहेब पाऊण तास प्रवचन करायचे. पौलाचं प्रवचन ऐकता ऐकता खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला तो युतुख आम्हा पोरांचा खास आवडता होता. पण त्या वर्षी बाकांवर माणसं विरळ दिसायला लागली, शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये दाट. चार रविवार कळ काढून उपासना आठला आली आणि प्रवचन वीस मिनिटांवर. ते पुन्हा वाढायला दोन-तीन वर्षं लागली, आणि तीही त्यांनी बेतानंच वाढवली.

असो. भिंतीकडे येतो.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि शेजारच्या काकूंच्या हॉलची भिंत एकच आहे. काकूंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा टीव्ही आम्हालाही पुरतो. उपासाच्या दुसऱ्या आठवड्यात मी सहज पाणी प्यायला गेलो आणि भिंतीतून आवाज आला, "या घरात एकतर ती राहील, नाहीतर मी!" ती म्हणजे कोण? मी पेला विसळला. उत्तर आलं नाही. मग एक ताट घासलं. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला मी बाह्या सारून ओट्याशी उभा. नळाची धार बारीक ठेवायची, नाहीतर संवाद बुडतात. कढई सासूच्या वेळी घ्यायची, कारण सासू मोठ्यानं बोलते. सून पुटपुटते, तिला चमचे.

बायको आधी घाबरली, मग भारावली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, नवऱ्यानं पहिल्यांदा आपणहून भांडी घासली. तिनं ही गोष्ट महिला मंडळात साक्ष म्हणून सांगितली. तिथून ती गोष्ट पादरीसाहेबांकडे पोचली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्याच घरी ठेवलेल्या प्रार्थनासभेत ते माझ्याकडे कौतुकानं पाहत संत ऑगस्टीननं लिहून ठेवलेली एक हकीकत सांगायला लागले. त्याचा मित्र अलिपियस. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून आखाड्यातले खुनी खेळ पाहायला नेलं. तो म्हणाला, शरीर न्या, मन नेता येणार नाही. जागेवर बसला आणि डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात गर्दीची आरोळी उठली. राहवलं नाही, उघडले डोळे. मग तो असा रंगला की पुढच्या खेपेला तोच दुसऱ्यांना ओढून न्यायला लागला. "काश," पादरीसाहेब म्हणाले, "उसने कान भी बंद किए होते!"

सगळे हळहळले. मी जरा जास्तच हळहळलो. त्याच क्षणी भिंतीतून मालिकेचं संगीत आलं, आणि बायकोनं माझ्याकडे नाही, ओट्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. भांडी घासली जात होती ना.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला, 13 एप्रिल. त्या दिवशी संध्याकाळी सातला दोन तासांचा महाएपिसोड. रविवार, म्हणजे राजरोस. मी आईच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो, नियम पाळायचा म्हणून हातात चार मटारही घेतले. महिनाभर जे चेहरे कानांनी पाहिले होते ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. सासू माझ्या अंदाजापेक्षा बरीच तरुण निघाली. साडेसातला ती सुनेसमोर उभी राहिली. हात उचलला. संगीत थांबलं. हात हवेत.

टक्. आईनं बंद केला.

"आई, अगं आज रविवार आहे! आणि दोन तासांचा आहे!"

"माझा अर्ध्याच तासाचा आहे," आई म्हणाली, रिमोट बायबलखाली ठेवला आणि संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. झावळ्यांचा रविवार म्हणून 'उपासना संगीत'मधली तीन गीतं, सगळी कडवी. दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला मी पाणी पिऊन येतो अशी खूण केली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावला. ओटा रिकामा होता, भांडी सकाळीच झाली होती. पलीकडे जाहिराती चालू होत्या. मी श्वास रोखून उभा राहिलो.

तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम बंद झाला, आणि भिंतीतून काकूंनी विचारलं, "काय रे, आज भांडी वाजली नाहीत? ऐकू येतंय ना नीट, की वाढवू?"