थांबण्याची ऐपत

परवा एमएस्सीचा एक विद्यार्थी पेढे घेऊन आला. सेंद्रिय रसायनात वर्गात पहिला. बावीस वर्षं हा विषय शिकवतोय, पण असा हात असलेली पोरं फार थोडी पाहिली. (हात म्हणतो, कारण प्रयोगशाळेत नुसती बुद्धी पुरत नाही.) हा पीएचडीच करणार, असं मी धरूनच चाललो होतो. तर म्हणाला, "सर, कुरकुंभच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागलो. सोमवारपासून."

"आणि जेआरएफ?" मी विचारलं. (पीएचडीसाठी परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप.)

"थोडक्यात हुकली."

"पुन्हा दे की."

"गावी औशाला दादा एकटाच शेत बघतो, सर. बहिणीचं लग्न काढलंय. अजून पाच वर्षं, हे घरी कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची कोथरूडची एक विद्यार्थिनी आता जर्मनीत पीएचडी करतेय. गुणी मुलगी, तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण एमएस्सीनंतर तिनं अख्खं वर्ष फक्त तयारीला आणि अर्ज करायला दिलं. त्या वर्षात "कमावणार कधी?" असं तिला घरात कुणी विचारलं नाही.

शिकलं की पैसा येतो, असं आपण पोरांना सांगत आलो. डिप्लोमा, नर्सिंग, बीएस्सीपर्यंत ते खरंही आहे; माझं घर त्यावरच उभं राहिलं. त्याच्या वरच्या शिक्षणाला मात्र आधी पैसा लागतो. नुसता फीला नाही. पंचविशी ते तिशी न कमावता काढायची, ती ऐपत लागते. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये; एकदोन गुणांनी गेली तर कितीतरी जणांच्या हाती काहीच नाही. मधली पायरीच नाही. बुद्धी काय एकदोन गुणांनी कमी होते?

१८८२ साली जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल बहुतेक रयतेच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. औशाचा तो दादाही खताच्या गोणीवर जीएसटी भरतो. पाषाणच्या एनसीएल आणि आयसर या सरकारी विज्ञानसंस्था त्याच्याही पैशावर चालतात.

देश गरीब आहे, हे कारण मला पटत नाही. एनसीएल १९५० साली उभी राहिली. तेव्हा आपण धान्य बाहेरून आणत होतो, तरी पैसा काढला. मग आज जेआरएफ हुकलेल्या अशा मुलांना एक वर्षाचा निर्वाह भत्ता का देता येऊ नये? आणि फेलोशिप पगारासारखी ठरल्या तारखेला का येऊ नये? सहा महिने पैसे थकले की श्रीमंताघरचा संशोधक तग धरतो. दुसरा गावी जातो, आणि गेलेला क्वचितच परत येतो.

निघताना त्यानं विचारलं, "सर, लायब्ररीचं कार्ड चालू ठेवता येईल का?" नियमात बसत नाही. म्हटलं, माझ्या नावावर पुस्तकं काढून ठेवतो, रविवारी घरी येऊन ने.