‘पुस्तकी भाबडेपणा’ या शेऱ्याला उत्तर

महोदय,

मर्यादित सरकारवरील माझ्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, सरकारने बाजारातून हात काढून घेतला की काही जण अफाट श्रीमंत होतात, ते श्रीमंत पुढे सरकारच विकत घेतात, आणि मग बाजारही मुक्त राहत नाही व सरकारही मर्यादित राहत नाही. म्हणजे निर्हस्तक्षेपी भांडवलशाही आपला शत्रू आपल्याच पोटी वाढवते. इथपर्यंत हा वाद आहे आणि वादाला माझी ना नाही. पण त्यापुढे आपण लिहिले आहे, ‘लेखिकेने कारखान्याचे तोंडही पाहिलेले दिसत नाही, हा सगळा पुस्तकी भाबडेपणा आहे.’ हा मुद्दा नव्हे. ज्या व्यक्तीला आपण ओळखत नाही, तिच्या आयुष्याबद्दल टोपणनावाआडून काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि तो मला लागला.

आपली एक दुरुस्ती मी आधीच मान्य करते. मर्यादित सरकारचे म्हणून १९६० च्या दशकातील हाँगकाँगचे उदाहरण देताना, तेथील जवळजवळ सर्व जमीन सरकारच्या मालकीची होती आणि ती भाडेपट्ट्याने दिली जात असे, हे मी नोंदवले नव्हते. ते नोंदवायला हवे होते. माझ्या मूळ प्रतिपादनाला त्यामुळे धक्का पोहोचतो, असे मात्र मला वाटत नाही.

आता कारखान्याबद्दल. बॉयलरला लागणारे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी अकरा वर्षे हिशेब सांभाळले. माझे टेबल आणि चाचणीची जागा यांच्यामध्ये केवळ एक काच होती. ठरलेल्या दाबाला व्हॉल्व्ह उघडला की होणारा फुत्कार मला दिवसभर ऐकू येई, आणि तो वेळेवर आला नाही तर तो नग बाजूला काढला जाई. अकराव्या वर्षी सुरक्षिततेच्या नावाने एक नवे मानक आले. प्रत्येक नगाची चाचणी एका विशिष्ट प्रकारच्या स्वयंचलित यंत्रावरच झाली पाहिजे, असे त्यातील एक कलम होते. तसे यंत्र आमच्या व्यवसायात एकाच मोठ्या कंपनीकडे होते, आणि मानक ठरवणाऱ्या समितीत त्याच कंपनीचा अधिकारी बसलेला होता. आमच्या मालाबद्दल एकही तक्रार नसताना आमच्या ऑर्डरी थांबल्या. चौतीस कामगारांचा शेवटचा हिशेब मी माझ्या हाताने केला. त्यांतील एकाने सही करण्याआधी मला विचारले, ‘ताई, आपला माल खराब होता का?’ नव्हता, असे मी सांगितले. त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

तेव्हा पैसा सत्तेपर्यंत पोहोचतो, हे तुम्ही मला शिकवण्याची गरज नाही. ते मी खतावणीत पाहिले आहे. तो कोणत्या दाराने पोहोचतो, हे मात्र तुम्ही पाहायला तयार नाही. त्या कंपनीने दहा वर्षे आमच्यापेक्षा कमी भाव लावून पाहिला, तरी आमचे ग्राहक तिला तोडता आले नाहीत. ते तिला जमले, ते कोणी विकावे आणि कोणी विकू नये हे ठरवण्याचा अधिकार एका समितीच्या हाती आल्यावर. विकत घेण्यासारखा अधिकारच सरकारपाशी नसेल, तर श्रीमंताने विकत काय घ्यायचे? सरकार मर्यादित असावे, याचा अर्थ ते दुबळे असावे असा नाही. फसवणूक, चोरी आणि करारभंग यांच्यावर ते कठोरच असावे. मात्र अमक्याला परवाना आणि तमक्याला नकार, अशी मर्जी त्याच्या हाती नसावी.

आणि हा माझ्या एकटीचा अनुभव नव्हे. अमेरिकेत १९३८ मध्ये विमानवाहतुकीचे नियमन करणारे मंडळ स्थापन झाले. १९७८ मध्ये हे क्षेत्र खुले होईपर्यंतच्या चाळीस वर्षांत मुख्य मार्गांवर एकाही नव्या कंपनीला त्याने प्रवेश दिला नाही. तिकिटाचे दरही तेच ठरवत असे. जुन्या कंपन्यांना प्रतिस्पर्ध्यांपासून इतके पक्के संरक्षण बाजाराने कधीही दिले नसते.

आपण अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथचा दाखला माझ्याविरुद्ध दिला आहे: एकाच व्यवसायातील लोक एकत्र जमले की बोलणे अखेर जनतेविरुद्धच्या कटावर येते. दाखला बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या १७७६ च्या त्याच ग्रंथात, त्याच ठिकाणी, तो पुढे म्हणतो की अशा बैठका कायद्याने रोखता येणार नाहीत, पण कायद्याने त्या सोप्या करू नयेत, आणि त्या आवश्यक ठरवणे तर मुळीच नको. मला पुस्तकी म्हणणाऱ्याने निदान पुस्तक तरी पुढे वाचायला हवे होते.

मक्तेदारीचे उदाहरण म्हणून आपण दिलेल्या स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेल कंपनीबद्दल इतकेच की, न्यायालयाने १९११ मध्ये तिचे विभाजन केले, त्याआधीच तेलशुद्धीकरणातील तिचा वाटा सुमारे नव्वद टक्क्यांवरून दोन तृतीयांशाच्या आसपास उतरला होता. २००८ च्या आर्थिक संकटाबद्दल मी पूर्वी लिहिले आहे. ज्या व्यवस्थेत बुडणाऱ्या बँका करदात्यांच्या पैशातून वाचवल्या जातात, तिला निर्हस्तक्षेपी म्हणणे मला मान्य नाही. विषमतेवरचा आपला परिच्छेद वेगळ्या विषयावरचा आहे.

राहता राहिला आपला प्रश्न, की स्वतःला आवर घालणारे सरकार कधी टिकले आहे काय. ब्रिटनमध्ये धान्यावरील आयात शुल्काचे कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, तेव्हा संसदेत जमीनदारांचेच वर्चस्व होते आणि नुकसानही त्यांचेच व्हायचे होते. आपल्या सिद्धांताप्रमाणे हे घडायलाच नको होते. तरी ते घडले, आणि पहिल्या महायुद्धातील आणि त्यानंतरची काही शुल्के वगळता खुल्या व्यापाराचे ते धोरण १९३२ पर्यंत, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे, टिकले. ते अखेर मोडले, हे खरे आहे; पण आधी एक महायुद्ध आणि मग जागतिक महामंदी यांच्या धक्क्याने मोडले. आपल्याला याचे वेगळे कारण दिसत असेल, तर ते जरूर लिहावे, मी त्याला उत्तर देईन.

हाँगकाँगवरील परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे. कारखान्याबद्दलचे ते वाक्य आपणही मागे घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.